ताप उतरला, पुढे काय?

तिसरीच्या वर्गात ज्यांचं अक्षर खरोखर चांगलं असतं अशी मुलं चार-पाचच निघतात. तो त्यांतला एक होता. जूनमध्ये त्याच्या दुरेघी वहीतलं पान इतरांना दाखवण्यासारखं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर वह्या तपासायला घेतल्या, तर त्याची अक्षरं रेघ सोडून खाली घसरलेली, वेलांट्या अर्ध्यावर सोडलेल्या, आणि दोन-तीन ओळींत तर कुणी हाताला हिसका द्यावा तशी पेन्सिल पानाच्या कडेपर्यंत ओढली गेलेली. मी त्याला बाकावर उभं केलं. पूर्व विदर्भातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तेव्हा मला शिकवून बारा वर्षं झाली होती, आणि आळस आपल्याला लांबून ओळखता येतो अशी माझी पक्की समजूत होती.

मग पाढे गेले. मधल्या सुट्टीत खिचडीची ताटली हातातून सुटू लागली. प्रार्थनेला उभा असताना मध्येच हसायचा, कधी एकदम रडकुंडीला यायचा. आई शाळेत आली आणि म्हणाली, "मॅडम, पोरगा पयल्यासारखा नाही राह्यला." घरच्यांनी आधी देवऋषी गाठला, अंगारा-धुपारा झाला. नंतर तालुक्याला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. मुलगा चंचल आहे, अभ्यासाचा ताण घेतोय, असं सांगून गोळ्या मिळाल्या. यात पाच महिने गेले. शेवटी नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने आईला विचारलं, याला लहानपणी गोवर झाला होता का? झाला होता. आठ महिन्यांचा असताना. लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, म्हणून घरचे थांबले होते.

त्या आजाराला डॉक्टर एसएसपीई म्हणतात. अंगावरचं पुरळ जातं, ताप जातो, मूल खेळायला लागतं, पण गोवराचा विषाणू क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूत राहून जातो. तिथे तो हळूहळू बदलतो. पेशीतून सुटं होऊन बाहेर पडायला जे प्रथिन लागतं ते त्याला धड बनवता येत नाही, म्हणून तो एका चेतापेशीतून शेजारच्या पेशीत सरकत राहतो. साधारण सहा ते दहा वर्षं बाहेरून काहीच दिसत नाही. दिसायला लागतं ते आधी वागण्यात आणि प्रगतिपुस्तकात. अंगाला हिसके नंतर बसतात, त्यानंतर अंथरूण, आणि बहुतेकांचा एक ते तीन वर्षांत मृत्यू. आमचा मुलगा पाचवीत गेला नाही.

लाखात एखादं मूल, असं या आजाराबद्दल पूर्वी सांगत. कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या तेव्हा चित्र वेगळं निघालं. पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या सुमारे १,३६७ मुलांमागे एक, आणि वर्षाच्या आत झाला असेल तर सुमारे ६०९ मागे एक. हा हिशेब २०१७ साली छापून आला.

विषाणू आणि मनाचे आजार यांचा संबंध असतो का, हा प्रश्न हल्ली कोविडमुळे पुन्हा चर्चेत आहे. मला त्यात एक वेगळीच खोट दिसते. संबंध कुठे आहे आणि कुठे नाही, याचा निकाल संशोधक लावतील. पण जिथे संबंध केव्हाच सिद्ध झाला आहे, तिथेसुद्धा आपली व्यवस्था तो पाहत नाही. तापाचा दवाखाना मुलाचं वागणं विचारत नाही आणि मनाचा दवाखाना ताप विचारत नाही. मधल्या पाच महिन्यांत आमच्या मुलाला पाहिलेल्या सगळ्यांना, मी धरून, हे लागू होतं.

घराघरांत मात्र हा संबंध लोक पूर्वापार जोडत आले आहेत. "त्याला टायफॉइड झाला आणि तो डोक्यात गेला, तेव्हापासून असा आहे," हे वाक्य महाराष्ट्रात कुणी ऐकलं नसेल असं वाटत नाही. टायफॉइड विषाणूचा नाही, जिवाणूचा, पण बोलण्याची रीत तीच. यातला काही भाग खरा असतो आणि बराचसा लाजेपोटी आलेला असतो. मेंदूज्वर झाला होता हे सांगायला कुणाला संकोच वाटत नाही; ठाण्याला किंवा येरवड्याला दाखवलं होतं हे सांगायला वाटतो. स्थळ बघायला आलेल्यांना ताप सांगता येतो, स्किझोफ्रेनिया सांगता येत नाही. शिवाय ताप कुणाला आलेला नसतो? विसाव्या वर्षी आजारी पडलेल्या कुठल्याही मुलीच्या आईला विचारा, एखादा मोठा ताप आठवतोच. आधी घडलं म्हणजे त्यामुळेच घडलं, असं होत नाही.

म्हणून "व्हायरसमुळे झालं" या स्पष्टीकरणाबरोबर जो हायसं वाटल्याचा सुस्कारा येतो त्याची मला थोडी भीती वाटते. ज्याच्या मेंदूत विषाणू सापडला त्याचा आजार खरा आणि ज्याच्या सापडला नाही त्याची नाटकं, अशी नवी उतरंड यातून तयार होऊ शकते.

शास्त्रातही या वाटेवर पाय घसरल्याची उदाहरणं आहेत. घोड्या-मेंढ्यांना होणारा बोर्ना नावाचा विषाणू माणसाच्या नैराश्यामागे आणि स्किझोफ्रेनियामागे आहे, असं १९९० च्या दशकात जोरात सांगितलं जात होतं. २०१२ मध्ये रुग्ण कोण आणि निरोगी कोण हे प्रयोगशाळेला कळू न देता तपासणी झाली आणि त्यात काहीच हाती लागलं नाही. सततच्या थकव्याच्या आजारामागे एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू असल्याचा शोध २००९ मध्ये मोठ्या नियतकालिकात आला. पुढे कळलं की तो प्रयोगशाळेतल्या उंदरांत तयार होऊन नमुन्यांत मिसळला होता. २०११ मध्ये शोधनिबंध मागे घेतला गेला. तोवर कित्येक रुग्णांनी पदरचे पैसे घालून त्याच्या चाचण्या करून घेतल्या होत्या.

एवढी सावधगिरी बाळगूनही जे उरतं ते थोडं नाही.

१९१७ साली व्हिएन्नाच्या मनोविकार चिकित्सालयात कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी एका नव्या मेंदूदाहाचं वर्णन केलं. काही रुग्ण आठवडेच्या आठवडे झोपत, काहींची झोपच उडालेली. त्या साथीतून वाचलेल्या कित्येक मुलांचे स्वभाव पालटले. गुणी, शहाणी म्हणून ओळखली जाणारी मुलं मारामाऱ्या करू लागली, चोऱ्या करू लागली, रात्र-रात्र जागी राहू लागली. मोठ्यांपैकी अनेकांना काही वर्षांनी कंपवात झाला. त्या साथीचं कारण आजतागायत पक्कं ठरलेलं नाही, विषाणू होता असंही छातीठोक म्हणता येत नाही. पण मेंदूला आलेली सूज माणसाचा स्वभावच बदलू शकते, आणि तो बदल कधी कधी बराच उशिरा दिसतो, हे त्या मुलांनी डॉक्टरांना शिकवलं. त्याच सुमाराला बॉस्टनमध्ये कार्ल मेनिंजर यांनी १९१८ च्या इन्फ्लुएंझानंतर मनोविकार झालेल्या शंभर रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या पुष्कळांवर, आज आपण ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतो, त्याचा शिक्का बसला होता. काही वर्षांनी त्यांनी या रुग्णांचा पुन्हा माग काढला, तेव्हा शिक्का बसलेल्यांपैकी बरेचजण पूर्ण बरे झालेले आढळले. मला या गोष्टीत मेनिंजर यांचं निदान किती बरोबर होतं यापेक्षा हे मोठं वाटतं की त्यांनी पुन्हा जाऊन विचारलं.

आता तर ताप आणि मन यांच्यामधला दुवाही काही आजारांत हाती आला आहे. ओठावर तापाच्या पुळ्या येतात त्या हर्पिसचा विषाणू क्वचित मेंदूत शिरतो आणि कानशिलाच्या आतला भाग धरतो. स्मरण आणि भावना सांभाळणारा हा भाग. माणूस अचानक विचित्र बोलू लागतो, नसलेले वास येतात, घरातली माणसं ओळखू येईनाशी होतात. असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध वेळेवर शिरेतून सुरू झालं तर जीव वाचतो. नाही तर दहातले सातजण जातात. आणि वाचलेल्यांपैकी साधारण चौथ्या माणसाला पुढच्या काही आठवड्यांत दुसरा झटका येतो. या वेळी विषाणू नसतो, शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटलेली असते. मेंदूतल्या संदेश घेणाऱ्या एनएमडीए ग्राहींना ती लक्ष्य करते. या दुसऱ्या आजाराचं नाव-गाव २००७ साली जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावलं. तो हर्पिसशिवायही होतो, तरुण मुलींना जास्त. बहुतेकींना आधी भास, संशय, बडबड, किंवा एकदम अबोला. साहजिकच पहिली धाव मनोविकाराच्या डॉक्टरकडे, त्याआधी बाबाकडे. स्टिरॉइड आणि इतर उपचार मिळाले तर पाचातले चारजण दोन वर्षांत चांगले सुधारतात. वेळेवर ओळखला नाही तर हाच आजार जीव घेऊ शकतो.

निदानासाठी मणक्यातलं पाणी काढावं लागतं. इथे आपल्याकडे घोडं अडतं. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस पांगळा होतो" ही समजूत मी सुशिक्षित घरांतही ऐकली आहे. सही करायची वेळ आली की नातेवाईक पेशंटला उचलून घरी नेतात. कमरेच्या खालच्या बाजूला, जिथे मुख्य मज्जारज्जू संपलेला असतो तिथे सुई जाते, हे त्यांना कुणी बसून सांगत नाही. वॉर्डात एका कॉटवर दोन पेशंट असताना सांगणार तरी कोण आणि कधी, हेही खरं.

कोविडबद्दल ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये २ लाख ३६ हजार रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. सहा महिन्यांत तिघांमागे एकाला मेंदूच्या किंवा मनाच्या आजाराचं निदान झालं होतं, हा आकडा सगळीकडे छापला गेला. पहिल्यांदाच असं निदान झालेले १३ टक्क्यांच्या आसपास होते, हे फारसं कुणी छापलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनीच पावणेतेरा लाखांहून अधिक रुग्णांचा दोन वर्षांचा मागोवा घेतला. चिंता आणि नैराश्याचा जादा धोका दोनेक महिन्यांत ओसरला होता. स्मृतिभ्रंश, फिट्स, भ्रमिष्टपणा आणि डोकं जड राहून काही न सुचणं यांचा मात्र दोन वर्षांनंतरही टिकून होता. डेन्मार्कमध्ये तर ३५ लाख लोकांच्या नोंदी जोडून पाहिल्या. ज्यांना कधी ना कधी जंतुसंसर्गासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागलं, त्यांना पुढे नैराश्यासारखे आजार होण्याचा धोका सुमारे ६२ टक्क्यांनी जास्त निघाला. संसर्गामुळेच झाले असं यातून सिद्ध होत नाही. गरिबी, व्यसन, घरातली आनुवंशिकता यांतलं काहीही दोन्हींच्या मुळाशी असू शकतं. पण डेन्मार्कला निदान हा प्रश्न विचारता तरी आला, कारण तिथे माणसाचा तापाचा कागद आणि मनाचा कागद एकाच क्रमांकावर लागतो. आपल्याकडे पहिला कागद ट्रंकेत, साडीच्या घडीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. दुसरा कागद लपवलेला असतो.

खरं तर या विषयात महाराष्ट्राने मागे राहायला नको होतं. चांदीपुरा हा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या त्याच नावाच्या गावातल्या रुग्णांत सापडला आणि तो शोधला पुण्याच्या संस्थेने, जिला आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी तो पसरवते. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला, त्यांतली १८३ गेली. त्याच वर्षी आपल्याकडेही साथ होती. १८३ हा आकडा प्रत्येक लेखात येतो. उरलेली १४६ मुलं आज पंचविशी-तिशीत असतील. त्यांतली किती शाळेत परतली, कुणाला फिट्स राहिल्या, कुणाचा स्वभाव तापट झाला, कुणाचं काहीच बिघडलं नाही, ही माणसं लेखांत येत नाहीत. जपानी मेंदूज्वराचंही तेच. धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यावर वाढणारा डास, डुकरं आणि बगळे, असं त्याचं चक्र, म्हणजे आमच्या भागाला नवं काही नाही. त्यातून वाचलेल्यांपैकी ३० ते ५० टक्क्यांना मेंदूची, बुद्धीची किंवा वागण्याची कायमची काही तरी अडचण राहते, हे जगभर मान्य झालेलं आहे. तरी साथीच्या तक्त्यात दोनच रकाने दिसतात: लागण आणि मृत्यू. जो मेला नाही तो "बरा होऊन घरी गेला."

त्याच्या डिस्चार्ज कार्डावर काय असतं? औषधांची नावं, पाच दिवसांनी दाखवा, आणि एक सही. फिट्सच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, हे असलं तर नशीब. पुढच्या सहा महिन्यांत मूल विसराळू झालं, विनाकारण चिडू लागलं, शाळेत मागे पडू लागलं, झोप बिघडली तर कुणाकडे यायचं, हे मी पाहिलेल्या एकाही कार्डावर नव्हतं. माझं म्हणणं इतकंच आहे की ते छापावं. मेंदूज्वरातून उठलेल्या प्रत्येकाकडे तीन महिन्यांनी आणि वर्षाने आशाताईने एकदा जाऊन यावं आणि वागण्याबद्दल दोन प्रश्न विचारावेत. आशाताईंच्या डोक्यावर आधीच पन्नास कामं आहेत, त्यामुळे या फेरीचे पैसेही त्यांना मिळावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा शाळेत येते. आमच्या शाळेत दात, डोळे, वजन पाहून तासाभरात निघून जायची. त्या पथकाने शिक्षकांना विचारावं, गेल्या सहा महिन्यांत कुठलं मूल एकदम बदललं?

दुसरी बाजू मनोविकाराच्या दवाखान्याची. नागपूरला प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला हे सांगितलं तर तो उखडलाच. "बाई, उद्या प्रत्येक नातेवाईक एमआरआय मागेल. आणि त्यात काही निघालं नाही की माझ्या गोळ्याही बंद करेल." त्याचं पहिलं म्हणणं खरं आहे, दुसरं त्याहून खरं. पण सगळ्यांच्या मेंदूचे फोटो काढा असं कुणी म्हणत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच भ्रमिष्टपणा आला, तोही चार-आठ दिवसांत, त्याआधी ताप किंवा डोकेदुखी होती, दिवस कुठला आणि आपण कुठे आहोत हे सुचेना, फिट आली, तोंडाच्या किंवा हातांच्या विचित्र हालचाली दिसू लागल्या, तर हा पेशंट आधी मेंदूविकाराच्या डॉक्टरला दाखवायचा असतो, हे त्यालाही माहीत आहे. ते तालुक्याच्या ओपीडीत एका दिवसात ऐंशी पेशंट पाहणाऱ्याच्या टेबलावर चिकटवलेलं असावं, एवढाच हट्ट. राज्यात शासनाची मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं चारच: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. बाकी सारा भार या ओपीड्यांवर.

त्याहीआधीच्या दारावर बाबा बसलेला असतो, आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे कायदा आहे. जादूटोण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा ठरवला आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हाही. कुत्र्याचा उल्लेख त्यात आला हे फार मोलाचं झालं. रेबीज हा मेंदूचाच विषाणू. पेशंट घाबरतो, अंगावर धावून येतो, पाणी पाहिलं की घसा आवळतो, आणि गावात म्हणतात, बाधा झाली. तोवर फार उशीर झालेला असतो. लस चावल्याबरोबर घ्यायची असते.

गोवराची लस मनाच्या आरोग्याच्या कार्यक्रमात कुणी मोजत नाही. मी मोजेन. एसएसपीईवर खात्रीचा उपचार नाही, पण गोवर झालाच नाही तर एसएसपीई होत नाही. आणि नऊ महिन्यांच्या आतलं बाळ स्वतः लस घेऊ शकत नाही, त्याचं रक्षण आजूबाजूच्या लस घेतलेल्या मुलांवर अवलंबून असतं. आमच्या मुलाला गोवर कुणाकडून तरी आला होता. त्या कुणाच्या तरी घरात "पुढच्या महिन्यात देऊ" असं ठरलं असेल.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, गोवंडीच्या वस्त्यांत सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त. मुलं दगावली. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांना नेहमीच्या वेळेआधी एक जादा डोस द्यायची वेळ महापालिकेवर आली. दगावलेल्या मुलांचा आकडा रोज पेपरात येत होता. बरी झालेली बाळं घरी गेली आणि बातमी संपली. ती बाळं २०२८ ते २०३२ च्या दरम्यान पहिली ते पाचवीच्या वर्गांत बसलेली असतील. त्यांतल्या एखाद्याचीच पाळी येईल, कदाचित कुणाचीही येणार नाही. तरी त्या भागातल्या शाळांच्या शिक्षकांना आताच एक साधं पत्र जायला हवं, पानभरही नको. नीट लिहिणाऱ्या मुलाचं अक्षर दोन-तीन महिन्यांत बिघडलं, येत असलेले पाढे गेले, हातातल्या वस्तू सुटू लागल्या, तर त्याला बाकावर उभं करू नका. आईला बोलावून घ्या आणि विचारा, याला लहानपणी गोवर झाला होता का?